जोडीदाराचं कॅन्सरचं ऑपरेशन आणि त्यानंतरचा अवघड निर्णय: कोणत्या टप्प्यावर काय करायचं

नवऱ्याच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी मी सगळ्यांना फोन करून सांगितलं, "सगळं निघालं. आता सुटलो." सर्जन प्रत्यक्षात एवढंच म्हणाले होते की दिसत होती ती गाठ काढली आहे, बाकीचं रिपोर्ट आल्यावर बोलू. बाराव्या दिवशी रिपोर्ट आला. दुसरी स्टेज. किमो घेतली तर थोडा फायदा होईल, कदाचित होणारही नाही, तुम्ही दोघं विचार करून सांगा. त्या दिवशी त्याला आजारापेक्षा माझ्या त्या वाक्याचा जास्त त्रास झाला. सुटलो, असं मीच त्याला सांगितलं होतं.

त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जोडप्यांसोबत मी डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसले आहे. चूक जवळपास सगळीकडे हीच दिसते. सगळी ताकद ऑपरेशनच्या दिवसावर खर्च होते. पुढच्या उपचारांचा निर्णय मात्र दोन-तीन आठवड्यांनी, दोघंही दमलेली असताना, काहीच तयारी नसताना घ्यावा लागतो. खालचा क्रम त्यासाठी आहे. औषधं, डोस आणि तारखा तुमच्या डॉक्टरांच्याच. इथे आहे ते सोबत करणाऱ्याचं काम.

## टप्पा १: आधी जोडीदाराला विचारा

बायॉप्सीचा रिपोर्ट आला की आपण लगेच फोनवर शोधायला बसतो. त्याआधी तीन गोष्टी विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.

- तुला किती ऐकायचं आहे? काहींना प्रत्येक आकडा हवा असतो, काहींना फक्त उद्या काय करायचं तेवढंच.
- केबिनमध्ये कोण बोलणार? तू बोलणार आणि मी लिहून घेणार, की उलट?
- कोणाला सांगायचं, आणि ते तू सांगणार की मी?

यातलं पहिलं उत्तर कायमचं धरू नका. ऑपरेशनआधी "आकडे नकोत" म्हणणारा माणूस रिपोर्टनंतर आकडे मागू शकतो. दर मोठ्या भेटीच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारा.

याच वेळी आणखी एक अवघड प्रश्न उरकून घ्या: काही गुंतागुंत झाली आणि तुला बोलता येत नसेल, तर तुझ्या वतीने कोणी बोलायचं, आणि तुला काय नको आहे? ऑपरेशनच्या आदल्या रात्री हे विचारलं तर भीती वाटते. चार आठवडे आधी, फाईल लावता लावता विचारलं तर बोलणं होतं.

सावधान: "त्याला सहन होणार नाही" म्हणून निदानच लपवू नका. संमतीपत्रावर सही त्याची असते, वॉर्डात बोलणं त्याच्यासमोर चालतं, शेजारच्या खाटेवरचा पेशंट विचारतो. गोष्ट कळतेच. मग त्याच्याकडे ती बोलायला कोणी उरत नाही, कारण घरातल्या सगळ्यांनी मिळून त्याच्यापासून लपवलेली असते. त्याने स्वतःहून कमी ऐकायचं ठरवणं वेगळं; तो त्याचा हक्क आहे.

## टप्पा २: फाईल लावा आणि प्रश्नांची वही करा

फाईलमध्ये तारखेनुसार, सगळ्यात नवीन कागद वर: बायॉप्सीचा रिपोर्ट, स्कॅनचे रिपोर्ट, रक्ताच्या तपासण्या, आधीच्या आजारांचे आणि ऑपरेशनांचे कागद. सोबत स्कॅनची सीडी किंवा डिजिटल फाईल घ्या, कारण दुसऱ्या डॉक्टरांना छापील रिपोर्टपेक्षा मूळ प्रतिमा बघायच्या असतात. बायॉप्सीच्या काचपट्ट्या आणि तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक कुठे ठेवले आहेत आणि ते कसे मिळतात, हेही विचारून ठेवा. सेकंड ओपिनियन घ्यायची वेळ आली की अडकतं ते इथेच.

सगळ्यात वर एक पान: नाव, वय, निदान, तारखा, चालू औषधं डोससकट, ॲलर्जी. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत गेलात तर ड्यूटीवरचे डॉक्टर हे पान वाचतील.

आता वही. हे काम बहुतेक लोक करत नाहीत, आणि माझ्या मते या सगळ्यात तेच सर्वांत उपयोगी आहे. वहीचे चार भाग करा:

1. ऑपरेशनच्या आधी उत्तर मिळू शकेल असे प्रश्न
2. ऑपरेशनच्या संध्याकाळी
3. पॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या भागाच्या तपासणीचा, रिपोर्ट आल्यावर
4. नंतर, महिन्यांनी किंवा वर्षांनी

मनात येणारा प्रत्येक प्रश्न आधी कोणत्या भागात बसतो ते ठरवा. "पूर्ण बरा होईल ना?" हा प्रश्न आपण पहिल्याच भेटीत विचारतो. त्याचं उत्तर त्या दिवशी कोणाकडेच नसतं. डॉक्टर काहीतरी गोलमोल बोलतात आणि आपण त्यातून वाईट अर्थ काढतो. हा प्रश्न तिसऱ्या भागात लिहा. स्टेजचंही तसंच. ऑपरेशनआधीची स्टेज स्कॅन आणि तपासणीवरून काढलेला अंदाज असते, आणि ऑपरेशननंतरची काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली बघून ठरते. दोन्ही जुळल्या नाहीत म्हणजे कोणी चुकलं असं नसतं.

तपासा: वहीतल्या पहिल्या भागात दहापेक्षा जास्त प्रश्न झाले असतील तर सर्वांत महत्त्वाच्या तीनवर खूण करा. भेट अर्ध्यात संपली तरी तेवढ्या तिनांची उत्तरं मिळाली पाहिजेत.

## टप्पा ३: ऑपरेशनची तारीख नक्की करण्याआधी

"गाठ लवकरात लवकर काढून टाका" ही सगळ्यांचीच पहिली प्रतिक्रिया असते. पण ऑपरेशन दरवेळी पहिलं पाऊल नसतं. गुदाशय, अन्ननलिका, जठर आणि स्तनाच्या अनेक कॅन्सरांत आधी किमो किंवा रेडिएशन देतात, गाठ लहान करतात आणि मग ऑपरेशन करतात. म्हणून पहिला प्रश्न हा: ऑपरेशनच्या आधी औषधोपचार द्यायचा विचार झाला आहे का? आणि त्याला जोडून: ही केस ट्यूमर बोर्डासमोर गेली का? ट्यूमर बोर्ड म्हणजे सर्जन, औषधांचे ऑन्कॉलॉजिस्ट, रेडिएशनचे डॉक्टर, रेडिऑलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांची एकत्र बैठक.

बाकीचे विचारायचे प्रश्न:

- याहून लहान ऑपरेशनचा पर्याय आहे का? सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये फक्त गाठ काढून रेडिएशन देणं आणि पूर्ण स्तन काढणं, या दोन्हींत जगण्याचं प्रमाण सारखं राहतं. हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या २० वर्षांच्या पाठपुराव्यांतून दिसलं आहे.
- लगेच ऑपरेशन न करता लक्ष ठेवता येईल का? प्रोस्टेटमध्येच असलेल्या कॅन्सरवर झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत (निकाल २०२३) लक्ष ठेवणं, ऑपरेशन आणि रेडिएशन या तिन्ही गटांत १५ वर्षांनी त्या कॅन्सरने झालेले मृत्यू सुमारे ३ टक्केच होते. प्रत्येकाला हे लागू होत नाही, पण विचारायला हवं.
- टेबलावर गेल्यावर ऑपरेशन वाढू शकतं का? दुर्बिणीतून सुरू करून पोट उघडावं लागेल का? पोटावर पिशवी, म्हणजे स्टोमा, करावा लागेल का? तात्पुरता की कायमचा?
- पुढे मूल हवं असेल तर शुक्राणू किंवा बीजांडं जतन करण्याबद्दल आत्ताच काय करायचं? किमो सुरू झाल्यावर हा प्रश्न आठवून उपयोग नसतो. डॉक्टरांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा.

सेकंड ओपिनियन मागायला लोक लाजतात. डॉक्टरांना सरळ विचारा: "आम्हाला दुसरं मत घ्यायचं आहे. दोन आठवडे थांबलं तर चालेल का?" बऱ्याच घन गाठींमध्ये एवढा वेळ मिळतो. आतडं अडणं, मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब येणं, थांबत नसलेला रक्तस्राव, तीव्र स्वरूपाचा रक्ताचा कॅन्सर, अशा वेळी मिळत नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना पहिल्यांचं मत आधी सांगू नका. कागद द्या, त्यांना बघू द्या, मग तुलना करा. आणि दोन मतं वेगळी आली म्हणून तिसरं, चौथं, पाचवं घेत बसू नका. दोघांनाही एकच प्रश्न विचारा: तुमचा आणि त्यांचा सल्ला नेमका कोणत्या मुद्द्यावर वेगळा होतो? बऱ्याचदा तो मुद्दा एकच निघतो आणि एखाद्या तपासणीने सुटतो.

तपासा: कोणतं ऑपरेशन, कोणत्या बाजूचं, कशासाठी, आणि ते केलं नाही तर काय, हे जोडीदाराला स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का? येत नसेल तर संमतीपत्रावर सही करायची वेळ अजून आलेली नाही.

## टप्पा ४: ऑपरेशनआधीचे दिवस

तारीख मिळाल्यावर हातात जे दिवस उरतात ते वाट बघण्यात घालवू नका. तंबाखू आणि सिगारेट लगेच बंद. निदान चार आठवडे आधी सुटली तर फुप्फुसाचे आणि जखमेचे त्रास कमी होतात, पण उशीर झाला असला तरी बंद करण्यात फायदाच आहे. रोज चालणं, तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरवर श्वासाचा सराव, पुरेसं प्रथिनयुक्त खाणं. तो सराव तुम्हीही सोबत बसून करा. ऑपरेशननंतर दुखत असताना तो करून घ्यायचं काम तुमच्याकडेच येणार आहे.

औषधांची पूर्ण यादी भूलतज्ज्ञांना दाखवा. यादीत हे विसरलं जातं:

- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. कधी बंद करायच्या ते डॉक्टर ठरवतील. हृदयात स्टेंट असेल तर स्वतःच्या मनाने एकही गोळी थांबवू नका.
- मधुमेहाच्या गोळ्या. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीतल्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात. वजन किंवा साखर कमी करणारी आठवड्याची इंजेक्शनं असतील तर तेही सांगा, त्यांनी पोट रिकामं व्हायला उशीर होतो.
- काढे, चूर्णं, लसणाच्या किंवा जिनसेंगच्या कॅप्सूल. "हे काय औषध आहे का" म्हणून आपण सांगत नाही. यातल्या काहींनी रक्तस्राव वाढतो.

उपाशी राहण्याची वेळ लिहून घ्या. साधारण नियम हलकं खाणं ६ तास आधी आणि नितळ पातळ पदार्थ २ तास आधी थांबवण्याचा असतो, पण आतड्याच्या ऑपरेशनाला वेगळ्या सूचना असतात. दूध नितळ पदार्थांत मोडत नाही. एका घोटामुळे ऑपरेशन पुढे ढकलल्याचं मी पाहिलं आहे.

घरी: खाटेजवळ दिवा, बाथरूममध्ये आधाराची सोय, पायात अडकणाऱ्या सतरंज्या बाजूला. बातम्या देण्यासाठी एक माणूस नेमा. तुम्ही फक्त त्याला सांगायचं, तो बाकीच्यांना सांगेल.

## टप्पा ५: ऑपरेशनचा दिवस

आत नेल्यापासून बाहेर आणेपर्यंतचा वेळ म्हणजे ऑपरेशनचा वेळ नव्हे. भूल देणं, नळ्या घालणं, नीट झोपवणं आणि शेवटी रिकव्हरीत ठेवणं, सगळं त्यात येतं. चार तास सांगितलेलं काम सहा तास चाललं म्हणून काही बिघडलंच असं धरू नका. सकाळीच विचारून ठेवा: उशीर झाला तर मला कोण सांगेल, मी कुठे थांबू? मग तिथून हलू नका, आणि सोबत एकच माणूस ठेवा. घोळका जमला की सर्जन बाहेर आल्यावर प्रत्येक जण वेगळा प्रश्न विचारतो आणि तुमचे तीन राहून जातात.

सर्जन साधारण पाच मिनिटं बोलतात. वहीचा दुसरा भाग उघडा:

- ठरलं होतं तेच ऑपरेशन झालं का, काही बदललं का?
- डोळ्यांना दिसणारं काही मागे राहिलं आहे का?
- आज रात्री तुम्ही कशावर लक्ष ठेवणार आहात?
- पूर्ण रिपोर्ट कधी, आणि तो कोण समजावून सांगेल?

ते जे बोलले तेच शब्द लिहा. ऑपरेशन चालू असताना तुकडा तपासला असेल, ज्याला फ्रोझन सेक्शन म्हणतात, तर तो निकालही प्राथमिक असतो.

सावधान: इथेच माझी चूक झाली. त्या संध्याकाळी बाहेर सांगायचं वाक्य एवढंच ठेवा: "ऑपरेशन झालं, तो शुद्धीवर आहे, रिपोर्ट यायचा आहे." पेशंटलाही हेच. भूल उतरताना तो चार वेळा विचारेल. चारही वेळा हेच उत्तर द्या.

## टप्पा ६: वॉर्ड आणि डिस्चार्ज

वॉर्डात तुमचं काम बघणं आणि कळवणं. दुखणं शून्य ते दहामध्ये किती आहे ते त्यालाच विचारा. वेदना सोसणं शहाणपणाचं नसतं: दुखत असेल तर माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, चालत नाही, आणि त्यातून न्यूमोनिया किंवा पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. वयस्क पेशंट रात्री एकदम असंबद्ध बोलायला लागला, ओळखेनासा झाला, तर ते नर्सला लगेच सांगा. ऑपरेशननंतर असा भ्रम होतो, बहुतेकदा उतरतो, पण त्यामागे संसर्ग किंवा औषध आहे का ते बघावं लागतं. चष्मा आणि ऐकण्याचं यंत्र लवकर परत दिल्याने फरक पडतो.

डिस्चार्जच्या दिवशी घाई होते, आणि नेमक्या याच दिवशी सगळ्यात जास्त सूचना मिळतात. समरी तिथेच वाचा. ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, घेऊन घरी जात असाल तर तो रिकामा करणं, मोजणं आणि मिलिलिटरमध्ये लिहिणं नर्ससमोर एकदा स्वतः करून बघा. पोट किंवा ओटीपोटाच्या कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशननंतर गुठळी होऊ नये म्हणून पोटाच्या कातडीत द्यायची इंजेक्शनं अनेकदा चार आठवड्यांपर्यंत चालतात. "आता चालतोय की" म्हणून ती सोडणारे बरेच असतात. तीव्र वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतो, सोबतीचं औषध आधीच मागून घ्या.

हे दिसलं तर सकाळची वाट न बघता फोन करा: ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, जखम लाल होऊन पू येणं, एकाच पायाला सूज, थांबत नसलेली उलटी, पोट फुगून शौच आणि वायू दोन्ही बंद. स्टोमाची पिशवी वारंवार पाण्यासारखी भरत असेल तर शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं, तेव्हाही. छातीत दुखणं किंवा अचानक धाप लागली तर फोनही नको, थेट इमर्जन्सीत जा.

तपासा: रात्री कोणत्या नंबरवर कोण उचलतं, ते एकदा लावून बघितलं का?

## टप्पा ७: रिपोर्टची वाट

साधारण एक ते दोन आठवडे लागतात. विशेष तपासण्या लागल्या तर आणखी. उशीर म्हणजे वाईट बातमी, असं आपल्याला वाटत राहतं. बहुतेक वेळा कारण साधं असतं. नमुना फॉर्मालिनमध्ये पुरेसा मुरायला लागतो, जास्तीचे रंग लावावे लागतात, किंवा स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन) तपासणी "२ अधिक", म्हणजे अधांतरी, आली तर जनुकाची वेगळी चाचणी करावी लागते.

या दिवसांत दोघांत खटके उडतात. एकाला बोलायचं असतं, दुसऱ्याला नसतं. आम्ही रोज संध्याकाळी वीस मिनिटं ठरवली होती. आजाराबद्दल जे काही असेल ते तेवढ्या वेळात, बाकी दिवस घरचा. काही दिवस आम्ही वीस मिनिटं नुसते बसलो. तेही चाललं.

"काही होत नाही, सकारात्मक राहा" हे वाक्य टाळा. ते ऐकलं की समोरच्याला भीती बोलून दाखवता येत नाही. "मलाही भीती वाटते" म्हणून बघा. आणि शरीराला लावलेला हात थांबवू नका. टाके, ड्रेन, पिशवी बघून आपण नकळत लांब झोपायला लागतो, आणि त्याला वाटतं आपल्याला किळस आली. काय चालेल, काय दुखेल ते त्यालाच विचारा. शारीरिक संबंध कधी सुरू करता येतील हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यात गैर काही नाही.

रिपोर्ट ऑनलाइन दिसत असेल तर आधीच ठरवा: दोघं मिळून उघडायचा, की डॉक्टरांसमोर? एकट्याने गुपचूप उघडून मग चेहरा सांभाळत बसणं, हे कोणालाच जमत नाही.

## टप्पा ८: रिपोर्ट वाचणं

रिपोर्टची प्रत घ्या आणि डॉक्टरांसमोर या ओळींवर बोट ठेवा.

ग्रेड आणि स्टेज. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात, स्टेज म्हणजे आजार किती पसरला आहे. ग्रेड ३ वाचून "तिसरी स्टेज" समजणारे, आणि रात्रभर रडणारे, मी पाहिले आहेत.

मार्जिन. काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी आहेत का. किती अंतर पुरेसं, हे कॅन्सरच्या प्रकारावर ठरतं.

लिम्फ नोड, म्हणजे लसिका ग्रंथी. दोन आकडे: किती तपासल्या, त्यातल्या किती बाधित. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये निदान १२ तपासलेल्या असाव्यात. कमी असतील तर "एकही बाधित नाही" या शब्दांवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही.

रक्तवाहिन्या, लसिकावाहिन्या आणि नसांभोवती शिरकाव. आहे किंवा नाही. स्टेज तीच असली तरी यावरून सल्ला बदलू शकतो.

खास चाचण्या. स्तनात ईआर आणि पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का ते सांगणाऱ्या), आणि हर-टू. आतड्यात एमएसआय किंवा एमएमआर, म्हणजे गाठीतल्या पेशींची डीएनएमधल्या चुका दुरुस्त करायची यंत्रणा बिघडली आहे का ते बघणाऱ्या चाचण्या. प्रोस्टेटमध्ये ग्लीसन स्कोअर, ज्यात ३ अधिक ४ आणि ४ अधिक ३ यांची बेरीज ७च असली तरी दुसरा जास्त आक्रमक धरतात.

डॉक्टर सांगत असताना परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. घरी आल्यावर दोघांना वेगवेगळं आठवतं. आम्हाला तर "कदाचित" हा एक शब्द दोन वेगळ्या वाक्यांत आठवत होता.

## टप्पा ९: उत्तर स्पष्ट नसताना निर्णय

काही वेळा सल्ला स्पष्ट असतो, मग हा टप्पा लवकर संपतो. आमचा नव्हता. मोठ्या आतड्याच्या दुसऱ्या स्टेजमध्ये किमोचा फायदा सरसकट सिद्ध नाही. गाठ भिंत ओलांडून गेली असेल, आतडं अडलं किंवा फुटलं असेल, नोड कमी तपासल्या असतील, तर पारडं किमोकडे झुकतं. एमएसआय-हाय असेल, म्हणजे ती दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली असेल, तर धोका मुळात कमी असतो आणि फ्लुओरोपिरिमिडीन हे नेहमीचं किमोचं औषध एकटंच दिलं तर त्याचा फायदा दिसत नाही. म्हणजे एमएसआयचा निकाल हातात नसताना आम्ही चार दिवस घातलेला वाद निरर्थक होता. म्हणून पहिला नियम: निर्णय बदलू शकेल अशी कोणतीही तपासणी बाकी आहे का? असेल तर ती येईपर्यंत वाद बंद.

मग आकडे, त्याला हवे असतील तर. "या औषधाने धोका २० टक्क्यांनी कमी होतो" असं ऐकलं की थांबवा आणि म्हणा, "आमच्यासारखे १०० जण धरून सांगा." हिशोब समजावा म्हणून मानलेलं उदाहरण घ्या: औषधाशिवाय १०० पैकी २० जणांना आजार परत येतो, औषध घेतल्यावर १६ जणांना. २० चे १६ झाले, म्हणजे धोका २० टक्क्यांनी कमी. तेच दुसरीकडून वाचा: ८० जणांना औषध न घेताही परत येणार नव्हता, १६ जणांना घेऊनही येतो, फायदा ४ जणांना. आपण त्या चारांत आहोत का, हे आधी कोणीच सांगू शकत नाही. कोणाला चार खूप वाटतात, कोणाला थोडे. दोन्ही माणसं शहाणी असू शकतात.

यानंतर हे विचारा:

1. त्रास कोणता, आणि तो जातो की राहतो? उदाहरणार्थ, ऑक्झॅलिप्लॅटिन या किमोच्या औषधाने हातापायांना येणाऱ्या मुंग्या काहींना कायमच्या राहतात. हाताच्या कौशल्यावर काम असलेल्याला हे जास्त महागात पडतं.
2. काहीच केलं नाही तर लक्ष कसं ठेवणार, आणि परत आला तर काय करता येईल?
3. मध्येच थांबवता येतं का?
4. ठरवायला किती दिवस आहेत? अनेक कॅन्सरांत ऑपरेशननंतरची किमो चार ते आठ आठवड्यांत सुरू करायची असते. तारीख मागा, आणि ती वहीत लिहा.

घरी आल्यावर दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा: मला कशाची जास्त भीती आहे, उपचार घेऊन त्रास होण्याची, की न घेता आजार परत येण्याची? मग कागद बदला. आमचे कागद जुळले नाहीत. मला किमो हवी होती. त्याला नको होती, आणि त्याची कारणं वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्याच्यासाठी नाही, माझ्या झोपेसाठी मागत होते. एमएसआयचा निकाल एमएसआय-हाय आला, डॉक्टरांशी पुन्हा बोलणं झालं आणि त्याने नाही म्हटलं. तुम्ही काय करावं ते मी यातून सुचवत नाही. निकाल वेगळा आला असता तर त्याने हो म्हटलं असतं.

मत तुमचं असू दे, ते एकदा स्पष्ट बोला. पण शेवटचा शब्द ज्याच्या शरीरात सुई जाणार त्याचा. "तू माझ्यासाठी घे" हे वाक्य वापरू नका. पुढे त्रास झाला तर ते दोघांच्या मधे येऊन बसतं.

सावधान: इतरांच्या गोष्टी: "अमक्याने किमो घेतली नाही, आज ठणठणीत आहे." त्याचा प्रकार, स्टेज, चाचण्या वेगळ्या असतात. ऐकून घ्या, वहीत लिहू नका.

तपासा: ठरल्यावर एक परिच्छेद लिहा: आज आम्हाला काय माहीत होतं, काय माहीत नव्हतं, आणि का ठरवलं. तारीख घाला, दोघांनी सही करा. सहा महिन्यांनी "आपण चुकलो का" असं वाटेल तेव्हा हा कागद लागेल, कारण तोपर्यंत तुम्हाला जास्त माहिती असेल आणि आधीही ती होती असं वाटायला लागेल.

## टप्पा १०: निर्णयानंतर

किमो घेणार असाल तर घरात थर्मामीटर हवा. किमो चालू असताना ३८ अंशांचा ताप ही इमर्जन्सी आहे. पांढऱ्या पेशी बऱ्याच औषधांनी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमाराला सगळ्यात कमी होतात. आधी तापाची गोळी देऊन बघू, असं करू नका. ताप दबतो आणि संसर्ग तसाच वाढतो.

फक्त लक्ष ठेवायचं ठरलं असेल तर तेही काम आहे. वेळापत्रक लेखी मागा. मोठ्या आतड्याच्या बाबतीत सुरुवातीची दोन वर्षं साधारण तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि सीईए ही रक्ताची चाचणी, ठरावीक काळाने स्कॅन, आणि ऑपरेशननंतर वर्षभराने कोलोनोस्कोपी असते. प्रत्येक तपासणीच्या आधीचा आठवडा जड जातो. त्या आठवड्यात घरातले मोठे वाद आणि पैशांचे निर्णय पुढे ढकला.

तुमचं स्वतःचं: तुमची औषधं, तुमच्या तपासण्या, आठवड्यातून एक रात्र सलग झोप. कोणीतरी एक माणूस असा हवा ज्याच्याशी तुम्ही बोलता, आणि तो तुमचा जोडीदार नसावा. झोप उडणं, भूक जाणं, सतत रडू येणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर स्वतःसाठी डॉक्टर गाठा.

वहीचा चौथा भाग आता उघडा. प्रत्येक फॉलोअपच्या आदल्या संध्याकाळी तो वाचायचा, ज्यांचं उत्तर मिळालं ते खोडायचे, नवे असतील ते लिहायचे, आणि सकाळी निघताना मागच्या वेळचा रिपोर्ट फाईलमध्ये सगळ्यात वर आहे ना ते बघायचं.